चाकाचे चौदा फेरे

“पोरी, चाक फार हलकं लागतंय या खेपेला,” घड्याळकाका म्हणाले होते.

तिच्या एका कडेवर दहा महिन्यांची लेक, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी आणि खांद्यावरून घसरणारी पर्स. लेकीला रात्रीपासून कणकण होती. “बरंच झालं की काका! तेवढेच हात कमी दुखतील,” असं म्हणून ती पुढे निघून गेली. मागे वळून तिने पाहिलंसुद्धा नाही.

एरवी तिच्या नजरेतून काही सुटत नसे. गॅस बंद आहे का हे ती तीनदा बघायची, लेक झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची. तिची आत्या तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायची ते उगाच नव्हे. पण त्या दिवशी या सरकारचं लक्ष थर्मामीटरकडे होतं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी नदी फुगली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकराच्या अकरा घरांत गुडघाभर पाणी होतं.

*

गल्ली उताराची होती. पावसाचं पाणी रस्त्याखालच्या बंदिस्त नाल्यातून थेट नदीत जायचं. नाल्याच्या तोंडाशी एक लोखंडी दार होतं, वरखाली सरकणारं. एरवी ते वर असायचं. नदी चढली की खाली करायचं, नाहीतर नदीच त्या वाटेने उलटी घरात. दार खाली करण्यासाठी काठावरच्या ओट्यावर एक मोठं चाक होतं, आणि चाकाशेजारी फलक: ‘नदी धोक्याच्या खुणेला टेकताच दार लावावे. पूर्ण चौदा फेरे. त्यापुढे जोर लावू नये.’

शेवटचं वाक्य नंतर रंगवलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी कुणा पहिलवानाने पंधरावा फेरा मारला आणि आतला दांडाच मोडला. तेव्हापासून चाक घड्याळकाकांकडे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, वय चौऱ्याहत्तर. पगार नाही, मानधन नाही. “गल्लीचं चाक माझ्याकडे आहे,” एवढं मात्र ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगायचे.

आणि आता सगळी गल्ली म्हणत होती, काका दार लावायला विसरले.

शनिवारी सकाळी आत्या आली. पायात गमबूट, हातात पोलादी टेप, काखेत वही. तीस वर्षं तिने जमिनीची उंची मोजण्याचं काम केलं होतं. कुठला रस्ता कुठल्या रस्त्यापेक्षा बोटभर खाली आहे हे ती नुसतं चालून सांगायची. निवृत्तीनंतर तिने घराच्या दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. ज्यांचे विम्याचे दावे फेटाळले जायचे ते लोक तिच्याकडे येत, आणि बहुतेक जण येताना मान खाली घालून येत आणि जाताना वर करून जात. भाचीला तिचा इतका अभिमान होता की ओळख करून देताना ती ‘माझी आत्या’मधल्या ‘माझी’वर जरा जास्तच जोर द्यायची.

“सांग,” आत्या म्हणाली. ओल्या गाद्यांच्या ढिगाशेजारी तिने पालथ्या बादलीवर बैठक मारली.

“गुरुवारी तीनला नदी खुणेला लागली. काका म्हणतात, मी लगेच जाऊन दार लावलं. पण पाचला नाल्यातून पाणी वर यायला लागलं. आमचे सेक्रेटरी बाहेरगावी होते, ते शुक्रवारी सकाळी सहाला आले. त्यांनी चाक फिरवलं तर पुरते चौदा फेरे बसले. म्हणजे दार सताड उघडं होतं. मग विम्याचे पाहणीसाहेब आले, त्यांनी दार लागल्याची खात्री केली आणि चाकाला सील ठोकलं. तुंबलेलं पाणी आम्ही पंपाने काढलं.”

“तुमची गल्ली पुराच्या नकाशावर कुठल्या पट्ट्यात?”

“पिवळ्या. म्हणजे धोका कमी.”

“नदी तुझ्या गच्चीवरून दगड मारला तर लागेल एवढ्यावर. मग पिवळ्यात कशी?”

भाचीने नदीकडे पाहिलं.

“दारामुळे, बाई. दार नसतं तर तुम्ही तांबड्यात असता. पिवळा म्हणजे पाणी येणार नाही असं नाही. दार नीट लागलं तर येणार नाही, असं. म्हणून तर पुराच्या पॉलिसीत अट आहे, फलकावरच्या सूचनेप्रमाणे दार लावलेलं असलं पाहिजे. पॉलिसी वाचलीस?”

“सही केली.”

“ते नाही विचारलं मी.”

भाचीने लेकीचं झबलं उगाच सारखं केलं. “आत्या, उद्या चारला सभा आहे. पाहणीसाहेब म्हणतात, दार लावलं नाही म्हणजे अट मोडली, दावा जातोय. पण काकांनी विसरल्याची लेखी कबुली दिली तर म्हातारपणाचा विचार करून कंपनी थोडंफार देईल कदाचित. आणि काका सही करणार आहेत. आपल्यामुळे लोकांचं नुकसान झालं म्हणून.”

“ते स्वतः काय म्हणतात? विसरले?”

“आधी नाही म्हणत होते. आता म्हणतात, असेन विसरलो.”

आत्या उठली. “चल. हे दुसरं वाक्य मला आवडलं नाही.”

*

घड्याळकाकांच्या खोलीत वरच्या फळीवरची घड्याळं चालू होती, खालच्या फळीवरची चिखलाने बंद पडली होती. त्यांची लेक परगावाहून आली होती आणि बापाचे कपडे सुटकेसमध्ये भरत होती.

“सोमवारी नेतेय त्यांना,” ती हळूच म्हणाली. “चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. इथं एकटं कसं राहू देऊ?”

“बरोबर आहे तुझं,” आत्या म्हणाली आणि काकांसमोर बसली. “काका, चाक कसं मोजता?”

“एक आरा तांबडा रंगवलाय. तो वर आला की एक. तोंडाने मोठ्याने मोजतो.” काकांचा आवाज सभेत माफी मागणाऱ्यासारखा होता. “गुरुवारीही मोजले होते. आठवतंय मला. पण चष्माही टेबलावर ठेवलेला आठवत होता.”

“चौदाव्याला चाक घट्ट लागलं?”

“घट्ट लागेपर्यंत मी जातच नाही. चौदा म्हटलं की हात वर. दांडा मोडलेला पाहिलाय मी.”

“मग?”

“साखळी घातली, कुलूप लावलं. पाणी यायला लागल्यावर परत जाऊन पाहिलं. कुलूप जागच्या जागी, तांबडा आरा वर. मला वाटलं, पाणी काठावरून येतंय. मग शेजारच्या आजींना खुर्चीसकट वर नेलं.”

“बाबा, तुमची पाठ!” लेक म्हणाली.

“पाठीचं राहू दे गं. किल्ल्या दोनच,” ते आत्याला म्हणाले. “एक माझ्या गळ्यात, एक सेक्रेटरींकडे. त्यांची किल्ली त्यांच्यासोबत बाहेरगावी होती. म्हणजे कोण उरलं? मीच. हिशेब सरळ आहे, ताई. माझंच डोकं आता मागे पडायला लागलंय.”

बाहेर आल्यावर भाचीने नाक ओढलं. आत्या वहीत काहीतरी लिहीत होती.

“काय लिहिलंस?”

“घट्ट लागेपर्यंत जात नाही.”

“त्यात काय?”

“माहीत नाही अजून. पण या खोलीत खरं बोलणारा माणूस बसलाय, आणि त्याचा स्वतःवरच विश्वास उरलेला नाही. असा साक्षीदार मला पहिल्यांदा भेटला.”

*

गल्लीच्या टोकाला, नदीकाठी रोपांची नर्सरी होती. दार खाली असलं की गल्लीतलं पावसाचं पाणी नर्सरीच्या वाफ्यांत साचायचं, म्हणून नर्सरीवालीचं आणि दाराचं हाडवैर होतं. तिनेच कुलूप उघडलं असेल, अशीही कुजबुज होती.

“आलात? माझाच नंबर राहिला होता,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “हो, भांडते मी दारावरून. तोंडाने भांडते. कुलपं फोडत फिरायला मला वेळ नाही.”

“कुलूप फोडलेलं नव्हतंच,” आत्या म्हणाली. “शुक्रवारी सकाळी इथे होतात का?”

“होते म्हणजे? सेक्रेटरीसाहेबांवर छत्री धरून कमरेइतक्या पाण्यात उभी होते!”

“छत्री तुम्ही का धरली?”

“त्यांच्या काखेत फाईल होती ना!” नर्सरीवालीने डोळे फिरवले. “ते फिरवत होते, मी मोजत होते. एक ते चौदा. चौदाव्याला चाक असं बसलं की जागचं हलेना. घड्याळकाकांचं वाईट वाटतं हो, पण मोजले ते मोजले. खोटं कशी सांगू?”

“सांगू नकाच. तुमचं काय गेलं?”

“सगळं! काळ्या कुंड्या तर गल्लीभर होड्यांसारख्या फिरत होत्या. या बाईंच्या स्वयंपाकघरात चार निघाल्या. आणि काठावर माझं निळं पिंप होतं, खताच्या पाण्याचं, अर्धं भरलेलं. ते गेलं ते गेलंच.”

“कुंड्या कुठून आत आल्या?”

“त्याही काठावरच होत्या. नदीत पडल्या, नाल्यातून उलट्या गल्लीत.”

आत्या काठावर जाऊन वाकली. पाणी उतरलं होतं आणि नाल्याचं तोंड उघडं दिसत होतं. त्यात दार घट्ट खाली बसलेलं. तोंडाच्या एका कडेला, चिखल आणि काटक्यांत रुतलेलं, निळं काहीतरी होतं.

“अगं बाई, माझं पिंप!” नर्सरीवाली ओरडली.

आकडा लावून तिघींनी ते वर ओढलं. भाचीला वाटलं, झालं, पिंप मिळालं. पण आत्या टेप काढून बसली. नाल्याच्या तोंडाची उंची मोजली: तीन फूट. पिंपाची जाडी: दोन फूट. मग तिने पिंप गोल फिरवलं. त्याच्या पोटावर काळी आडवी रेघ होती, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी.

“दाराच्या खालच्या कडेला काय आहे?”

“काळं रबर,” नर्सरीवाली म्हणाली. “पाणी झिरपू नये म्हणून.”

“हे पिंप उद्या चारपर्यंत मला द्या. आणि पुसू नका.”

*

सेक्रेटरींच्या गच्चीत दोरीवर कपडे नव्हते, कागद होते. गल्लीच्या फाईलमधला एकेक भिजलेला कागद चिमट्यात अडकवलेला, प्रत्येकाच्या कोपऱ्यात क्रमांक, एक ते बावन्न. वाऱ्यावर ते हलत होते, पण एकाचाही क्रम चुकलेला नव्हता.

“या गल्लीचा एक कागद हरवला तर नाव बदलीन,” ते म्हणाले. माणूस सरळ होता आणि त्या सरळपणामुळेच वैतागलेला. “मला काय हौस आहे का काकांवर बोट दाखवायची? पण चौदा फेरे लागले हे खरं आहे. साहेबांनी विचारलं. खोटं लिहून देऊ?”

“नकोच. चाकाला अलीकडे कुणी हात लावला होता?”

“तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्ती झाली. चाकाखालची पेटी गंजली होती. मिस्त्रीने नवी बसवली, दुसऱ्या दिवशी काकांनी चौदा फेरे खाली, चौदा फेरे वर असं चालवून पाहिलं, ‘चालतंय’ म्हणून सही केली. सगळे कागद फाईलला लावलेत.”

“काकांनी चालवलं तेव्हा काठावरून कुणी दाराकडे पाहत होतं?”

“दाराकडे? कशाला? फेरे मोजतो ना आपण.”

आत्या पाठीमागे हात बांधून दोरीच्या कडेने चालत गेली, प्रदर्शनातली चित्रं बघावी तशी. भाचीही मागोमाग गेली. पस्तीसवर सभेचा वृत्तान्त, छत्तीसवर मिस्त्रीचं पत्र, सदतीसवर चाकाचं चित्र आणि खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचं कोष्टक, अडतीसवर रंगाऱ्याची पावती. भाचीला त्यात काही वाचण्यासारखं वाटलं नाही. तिचं लक्ष खालून येणाऱ्या लेकीच्या रडण्याकडे होतं.

“छान ठेवलंय हो सगळं,” आत्या म्हणाली. “उद्या सभेला येताना हे सगळे कागद घेऊन याल?”

सेक्रेटरींचा चेहरा खुलला. त्यांच्या फाईलचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

*

“आता बघ,” घरी आल्यावर आत्या म्हणाली. “काका म्हणतात, चौदा फेरे फिरवून दार लावलं. सेक्रेटरी म्हणतात, चौदा फेरे फिरवल्यावर दार लागलं. कोण खोटं बोलतंय?”

“सेक्रेटरी नाहीत, नर्सरीवाली साक्षीला आहे. आणि तिचं त्यांच्याशी मुळीच पटत नाही. म्हणजे… काका चुकले.” भाचीला स्वतःचाच राग आला. “पण मग पिंप?”

“शाब्बास. पिंप कुठे होतं?”

“नदीच्या बाजूला.”

“कुंड्या?”

“गल्लीत. माझ्या ओट्याखाली.”

“एकाच काठावरून निघालेल्या वस्तू. एक आत आली, एक बाहेर अडकली. यावर विचार कर जरा.”

भाची लेकीला थोपटत येरझाऱ्या घालत होती. सहज बोलावं तसं ती म्हणाली, “त्यांनी मला सांगितलं होतं गं. दुरुस्तीनंतर. चाक फार हलकं लागतंय म्हणून. मी घाईत होते.”

आत्या ताडकन उभी राहिली. “काय म्हणालीस?”

“हलकं. मी म्हटलं, बरंच झालं.”

“काळजीवाहू सरकार!” आत्याने तिचा गाल असा ओढला की लेक दचकून जागी झाली. “तीन आठवडे हे पोटात ठेवून बसलीस? गल्लीभर हिंडून मला जे मिळालं नाही ते तुझ्याकडे होतं!”

“म्हणजे मी चुकले ना?”

“चुकलीसच. रडायचं नंतर. आता पॉलिसी आण.”

रात्रीच्या जेवणाआधी आत्याने पॉलिसी तीनदा वाचली. शेवटच्या पानावर तिने पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केली आणि समाधानाने मान हलवली.

*

रविवारी चारला ओट्याभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. पाहणीसाहेब कबुलीपत्र आणि पेन घेऊन बसले होते. घड्याळकाका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांची लेक बाजूला, हात घट्ट मिटून. काकांनी पेन उचललं.

“थांबा,” आत्या म्हणाली. “सही कशावर करताय? दार सताड उघडं राहिलं, यावर ना? साहेब, दार सताड उघडं होतं हे कशावरून?”

“चौदा फेऱ्यांवरून. फलकच सांगतो, पूर्ण उघडं दार लावायला चौदा.”

आत्याने निळं पिंप ओट्यावर आणून उभं केलं. “हे नदीतून नाल्याच्या तोंडाशी आलं. तोंड तीन फूट उंच, पिंप दोन फूट जाड. दार सताड उघडं असतं तर हे धाडधाड आत गेलं असतं. ते बाहेर अडकलं. काळ्या कुंड्या वीतभर उंचीच्या, त्या आत गेल्या. मग फट केवढी असेल?”

“कुंडीपेक्षा मोठी, पिंपापेक्षा लहान,” नर्सरीवाली म्हणाली.

“आणि ही रेघ बघा. दाराच्या खालच्या कडेचं रबर पिंपाच्या पोटावर घासलं गेलंय. म्हणजे पूर आला तेव्हा दाराची कड वर नव्हती आणि खालीही नव्हती. मध्यावर होती.”

“म्हणजे अर्धंच लावलं,” पाहणीसाहेब म्हणाले. “तरी कसूरच.”

“अर्धं दार लावायचं राहिलं असतं तर शुक्रवारी सेक्रेटरींना किती फेरे लागायला हवे होते?”

आकडा सगळ्यांच्या ओठांवर आला, पण बोलली ती काकांची लेक. “सात.”

“लागले किती?”

“चौदा,” सेक्रेटरी आणि नर्सरीवाली एकदमच म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“अर्ध्या दाराला चौदा. तर मग पूर्ण दाराला किती?” आत्या वळली. “काका, तुम्ही दुरुस्तीनंतर माझ्या भाचीला काय म्हणाला होतात?”

काका गोंधळले. “मी? हां… चाक हलकं लागतंय म्हणालो होतो.”

“हलकं का लागलं असेल? चाळीस वर्षं दातेरी चाकांत डोळे घालून बसलात. मी कशाला सांगू?”

काकांनी पेन खाली ठेवलं. हवेत त्यांची बोटं काहीतरी लहानसं, न दिसणारं फिरवू लागली. मग ती थांबली, आणि बघता बघता माणूस खुर्चीत उंच झाला.

“दाते बदलले!” ते ओरडले. “पेटीतले दाते बदललेत! लहान चाकाने मोठं चाक फिरवलं की जोर कमी लागतो, पण फेरे वाढतात. चाक हलकं झालं म्हणजे फेरे वाढलेच पाहिजेत! कुठल्याही शिकाऊ पोराला कळेल हे. मला कसं नाही कळलं?”

“कारण सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं की तुमचं डोकं चालत नाही,” आत्या म्हणाली. “आणि तुम्ही ते मान्य करून टाकलंत. साहेब, सील काढा. काका, दार उघडा. नर्सरीवाल्या बाई, तुम्ही काठावर उभ्या राहून दार बघा.”

सील तुटलं. काकांनी गळ्यातली किल्ली काढली, साखळी सोडली, दोन्ही हात चाकावर ठेवले. “एक,” ते म्हणाले. दुसऱ्याला त्यांची लेक मोजायला लागली, पाचव्याला सगळी गल्ली. तेरा. चौदा. काकांचे हात सवयीने वर उठले.

“अर्धंच!” काठावरून नर्सरीवाली किंचाळली. “अहो, दार अर्ध्यावरच आहे!”

“पुढे चला,” आत्या म्हणाली. “पंधरावा.”

काका क्षणभर अडखळले. मग त्यांनी फिरवलं. काही मोडलं नाही. सोळा, सतरा… अठ्ठाविसाव्याला चाक थांबलं आणि काठावरून टाळ्या ऐकू आल्या. अवघी एक बाई वाजवत होती, पण गल्लीभर ऐकू गेल्या.

“सेक्रेटरीसाहेब, सदतीस नंबरचा कागद.”

सेक्रेटरींनी फाईल उघडली. वाळून कडक झालेला कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरला, बारीक कोष्टकावरून बोट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “जुन्या मापाची पेटी उपलब्ध नसल्याने पर्यायी पेटी… पूर्ण फेरे अठ्ठावीस… फलक बदलून घ्यावा.” त्यांनी मान वर केली. “लावला होता मी. बरोबर जागी लावला होता. वाचला नाही.”

ते उठून काकांसमोर गेले. “काका, चूक माझी. तुमच्या नावावर चार दिवस फिरली.”

“तुमचेही चौदा खरेच होते,” काका म्हणाले. “माझेही खरे होते. एवढं पुष्कळ झालं.”

पाहणीसाहेबांनी घसा खाकरला. “हे सगळं मान्य. पण दार पूर्ण लागलं नव्हतं, हे उरतंच.”

आत्याने पॉलिसीचं शेवटचं पान पुढे केलं. “तुमची अट वाचा. ‘दार पूर्ण लागलेले असावे’ असं नाही लिहिलेलं. ‘फलकावरील सूचनेप्रमाणे लावलेले असावे’ असं आहे. फलकावर चौदा. यांनी चौदा फिरवले. त्यापुढे जोर लावू नये. यांनी लावला नाही. तुमची अट या गल्लीत एकाच माणसाने अक्षरशः पाळली, आणि कबुलीपत्र तुम्ही त्याच्याच पुढे ठेवलंत. फलक चुकीचा असेल तर काय, याची दुसरी अट असली तर दाखवा. मला सापडली नाही.”

साहेबांनी पान उलटलं, सुलटलं. ते लबाड नव्हते. नुसते घाईत होते. त्यांनी कबुलीपत्र चार घड्या करून खिशात घातलं. “दावा मंजुरीसाठी पाठवतो. आणि बाई, तुमचा पत्ता देऊन ठेवा. आमच्याकडेही कधीकधी गुंते असतात.”

“पाटी आहे दारावर,” आत्या म्हणाली. “पण ज्यांचे दावे फेटाळले जातात, मी त्यांच्या बाजूने काम करते.”

भाचीची छाती अशी भरून आली की तिला लेकीला कडेवर वर सरकवावं लागलं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, “कोण हो या?” आणि ती म्हणाली, “माझी आत्या.” मग ती गर्दीतून वाट काढत काकांकडे गेली.

“काका, तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलंच नाही.”

“लेकीला ताप होता तुझ्या,” काका म्हणाले. “उतरला का?”

संध्याकाळी त्यांची लेक सुटकेसमधून कपडे काढून परत कपाटात ठेवताना दिसली. “सोमवारी मी एकटीच जाते,” ती म्हणाली. “त्यांना मी म्हटलं, चष्म्याला दोरी बांधा. ते म्हणाले, बांधतो, पण फलक आधी रंगवतो.” आणि ती हसली, बऱ्याच दिवसांनी हसणारा माणूस हसतो तशी, जरा जपून.

आता हे वाचणाऱ्या तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असा कुणी आहे का, ज्याला अलीकडे सगळे मिळून “तुम्ही विसरलात” असं म्हणतात, आणि जो आता वाद घालत नाही? असेल तर आज त्याच्याकडे जा. फोन नको, स्वतः जा. पाच मिनिटं बसा आणि विचारा, तुम्हाला काय आठवतंय?